श्रामणेर संस्कार आणि समाजाची जबाबदारी

मूल वयात येताना समाज त्याच्या हाती काय देतो, यावरून त्या समाजाची मूल्ये कळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात असे मांडले की, ब्राह्मणांनी उपनयन नाकारल्यामुळे शूद्रांची सामाजिक अधोगती झाली. संस्काराचे दार काहींनाच उघडे असेल, तर तो विषमतेचे साधन बनतो. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण जुने संस्कार टाकले. त्यांच्या जागी काय रुजवले, याचा विचार मात्र अजून पुरता झालेला नाही.

आज उन्हाळी सुटीत अनेक विहारांत श्रामणेर शिबिरे भरतात. मुंडन करून, चीवर धारण करून मुले दहा शीले ग्रहण करतात. मध्यान्हानंतर भोजन नाही, उंच शय्या नाही, सोन्यारुप्याचा स्वीकार नाही. ही परंपरा थेट राहुलापर्यंत पोहोचते. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून, मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम भगवंतांनी घातल्याचे महावग्गात नमूद आहे. कुटुंबाला या संस्कारात असे आरंभापासूनच स्थान आहे.

डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब ज्या ब्रह्मदेशात जागतिक बौद्ध परिषदेस गेले, तेथे या विधीस ‘शिन्ब्यू’ म्हणतात. मुलाला राजपुत्राच्या वेषात मिरवत विहारात नेतात. संपन्न घरे आपल्या मुलासोबत गरीब, अनाथ मुलांचाही खर्च उचलतात. त्यांची ही वृत्ती आपण जरूर घ्यावी, मिरवणुकीचा थाट घेऊ नये. तेथे त्याच प्रसंगी मुलींचे केवळ कान टोचले जातात, हेही अनुकरणीय नाही. महाप्रजापती गौतमीच्या आग्रहाने ज्या धम्मात भिक्षुणी संघ उभा राहिला, त्या धम्मात शीलाचा संस्कार मुलींनाही समान मिळाला पाहिजे.

विवेकवाद्यांना अशा विधींची गरजच काय, असे काही बांधव विचारतात. विधीत चमत्कार नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण चारचौघांसमोर घेतलेले शील जपायला चारचौघांचा आधार लागतो. आज तोच अपुरा पडतो. शिबिर संपते, छायाचित्रे निघतात, जूनपर्यंत डोक्यावर केस येतात आणि त्या मुलाची विचारपूस थांबते. पुढे दहावीनंतर कुणाची शाळा सुटते, कुणा मुलीचे लग्न ठरते, तेव्हा भोजनदान देणारे हात कोठे असतात?

आमचे मत स्पष्ट आहे. प्रत्येक शिबिरार्थी मुलामुलीमागे वस्तीतील एका प्रौढ व्यक्तीने किमान बारावीपर्यंत पालकत्व स्वीकारावे. फी, वह्या-पुस्तके, अभ्यासाची चौकशी आणि गरज पडल्यास घरच्यांशी बोलणे, एवढे तरी करावे. माजी विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळ्यात आपापल्या विहारात जाऊन एकेका मुलाचे नाव स्वतःहून मागून घ्यावे, ही विनंती.

जय भीम!