पर्सेंटाइल आणि सातबारा

डिसेंबर महिना म्हणजे हॉस्टेलवर गॅदरिंगच्या प्रॅक्टिसचा धुमाकूळ. पण फायनल इयरच्या मजल्यावर काही खोल्यांची दारं याच महिन्यात बंद दिसतात. कारण कॅटचा रिझल्ट लागलेला असतो! (२०२४ चा १९ डिसेंबरला लागला होता.) ज्याला ९९ पडतात तो पार्टी देतो. ज्याला ४० पडतात तो हसत हसत ‘आपला तो विषयच नव्हता’ म्हणून मोकळा होतो. खरी पंचाईत होते ती ७० ते ९० च्या मधल्यांची. ना आनंद करता येत, ना सोडून देता येत. हा लेख या मधल्यांसाठी आहे. मीही त्यांच्यातलीच, ८५ वाली.

माझं म्हणणं सरळ आहे. कमी स्कोअरमुळे फार तर एक वर्ष जातं. पण त्या स्कोअरची लाज वाटून घाईघाईत जो निर्णय घेतला जातो, त्याचे हप्ते दहा वर्षं फेडावे लागतात.

आधी आकड्याकडे नीट बघू. आपण इंजिनियर, आकड्यांना काय घाबरायचं? पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत, रांगेतली जागा. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं बसली. तिथे ८५ पर्सेंटाइल म्हणजे जवळजवळ २ लाख ४९ हजार मुलं तुमच्या मागे आणि ४४ हजार पुढे. दोन्ही आकडे खरे आहेत. रात्री झोप येत नसेल तर पहिला आठवा आणि फॉर्म भरताना दुसरा! त्या पेपरात ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ मार्क, पर्यायी प्रश्न चुकला तर वजा १. म्हणजे चुकलेला एक प्रश्न बरोबर आला असता तर चार मार्कांचा फरक पडतो. मधल्या गर्दीत एवढ्या फरकाने हजारो मुलं मागे-पुढे होतात. पण खोटा दिलासा नको. चार मार्कांनी ८५ चे ९९ होत नाहीत. अहमदाबाद, बंगलोर, कलकत्त्याची दारं यंदा माझ्यासाठी बंद आहेत, हे मान्य करून पुढे बोलूया.

आता घरी काय सांगायचं? आमच्या बांद्यात पर्सेंटाइल हा शब्द अजून पोचलेला नाही. तिथे फक्त टक्के. माझा रिझल्ट ऐकून काका म्हणाले, “अगो, पंच्याऐंशी टक्के इले मां? मगे रडतंस कित्याक?” त्यांना समजावता समजावता माझीच पुरेवाट झाली. गंमत म्हणजे गणितात काका चुकले, पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला. रडायचं ते नक्की कशासाठी? कॉलेज मिळणार नाही म्हणून, की चारचौघांत काय सांगू म्हणून? माझ्या मते आपल्यापैकी निम्मे दुसऱ्या कारणासाठी रडतात. आणि याच दुसऱ्या कारणावर एक मोठा धंदा चालतो.

रिझल्टनंतर आठवडाभरातच फोन सुरू होतात. ‘मॅडम, तुमच्या स्कोअरवर आमच्याकडे सीट आहे, आजच ब्लॉक करा, उद्या फी वाढेल.’ आवाज गोड, ब्रोशर गुळगुळीत. प्लेसमेंटचं ‘हायेस्ट पॅकेज’ ठळक अक्षरांत, पण मधल्या मुलाला किती मिळाले ते कुठेच नाही. मन दुखावलेलं असतं, ‘एमबीए’ ही तीन अक्षरं डोळ्यांपुढे नाचत असतात आणि आपण घरी फोन लावतो, “बाबा, पैसे भरायचे आहेत.”

बाबा नाही म्हणत नाहीत, हीच तर अडचण आहे! म्हणून हिशेब आपणच करायला हवा. १० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला साधारण १३,२०० रुपये. एकूण परतफेड १६ लाखांच्या आसपास, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या हमी योजनेत तारण लागत नाही. त्यावर गेलात की निवडक नामांकित संस्था सोडल्या तर बँक सहसा तारण मागते. आणि तारण म्हटलं की कोकणात सातबारा निघतो! त्यावर पणजोबांपासूनची सतरा नावं. त्यातले चार मुंबईला, दोघांशी बोलणं बंद. एका सीटसाठी बाबांनी या सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरायचं आणि आपण दोन वर्षांनी बाहेर पडून, आज कॅम्पसमधून मिळते आहे तशीच नोकरी शोधायची? नाकापेक्षा मोती जड तो हा असा.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी दिसतात.

एक, आपली महाराष्ट्राची सीईटी मनापासून द्या. कॅट गेली म्हणजे सीईटीही गेली असं समजून अभ्यास सोडणारे आपल्याच कॉरिडॉरमध्ये आहेत. पण या दोन परीक्षांचा स्वभावच वेगळा. २०२४ च्या कॅटला १२० मिनिटांत ६८ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. २०२५ च्या सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे जेमतेम ४५ सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. एकीत खोल विहीर, दुसरीत शर्यत. विहिरीत बुडालेला शर्यतीतही हरेलच असं नाही. १९६५ साली सुरू झालेलं मुंबई विद्यापीठाचं जमनालाल बजाज याच सीईटीतून मिळतं.

दोन, कॉलेज निवडताना जवळ-लांब हा निकष धरू नका. बांद्याहून दोडामार्ग-डिचोली मार्गे साखळी किती लांब? तिथे १९९३ साली स्थापन झालेलं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. आमच्याकडचे लोक विचारतात, मग तिथेच का नाही जात? अहो, गाव जवळ आहे म्हणून कटऑफ जवळ येत नाही! आणि उलट, केवळ घराजवळ आहे म्हणून कुठलंही कॉलेज चांगलं ठरत नाही.

तीन, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हवं ते कॉलेज नाहीच मिळालं तर दोन वर्षं नोकरी करा आणि मग पुन्हा परीक्षेला बसा. बऱ्याच आयआयएम निवड करताना दहावी, बारावी, पदवीच्या मार्कांबरोबर कामाच्या अनुभवालाही गुण देतात. आपल्यासारख्या फ्रेशरना त्या रकान्यात भोपळा. रोज पत्रादेवीचा नाका ओलांडून नोकरीसाठी गोव्यात जाणारी कितीतरी मुलं आमच्या गावात आहेत. पगार फार नसेल, पण मालाची ऑर्डर का अडकते, कामगार का सोडून जातो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मॅनेजमेंट शिकायला जाण्याआधी कुणीतरी आपल्याला मॅनेज करतंय हा अनुभव वाईट नाही.

यावर आक्षेप आहेत, ते मला माहीत आहेत. पहिला म्हणजे नोकरीत पडल्यावर अभ्यास होत नाही. खरं आहे, कठीण आहे. पण घरी वर्षभर नुसतं बसून अभ्यास करणंही सोपं नाही. तिथे रोज दारावरून जाणारा प्रत्येक जण ‘सध्या काय करतंस?’ असं विचारून जातो. दुसरा आक्षेप फक्त आम्हा मुलींच्या वाट्याचा. ‘अजून दोन वर्सां? मगे लगीन कधी?’ याला माझ्याकडे जादूचं उत्तर नाही. एवढंच सांगते, हातात स्वतःचा पगार असलेल्या मुलीचं घरात जरा जास्त ऐकलं जातं. निदान ‘फी कोण भरणार’ हा मुद्दा तरी वादातून जातो.

जाता जाता स्टाफला एक विनंती. कॅटच्या आधी आपल्याकडे मोटिव्हेशनची लेक्चरं होतात, नंतर एकही नाही. रिझल्टच्या आठवड्यात प्लेसमेंट सेलने एक तास द्यावा. पाहुणा नको, पुष्पगुच्छ नको. कॉलेजांची खरी फी, कर्जाचे नियम आणि मागच्या बॅचेसमधले कोण कुठे आहेत एवढं फळ्यावर मांडलं तरी पुष्कळ. त्या गोड आवाजाच्या फोनवाल्यांना यासारखं दुसरं उत्तर नाही.

आणि मित्रांनो, मैत्रिणींनो, पंधरा दिवस कुठेही एक रुपया भरू नका. घरी खरा आकडा सांगा, त्याचा अर्थही सांगा. दारं उघडा, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला या. हिशेबाचा कागद घेऊन आलात तर मी आहेच, कॅल्क्युलेटर माझा!