येणे आणि देणे

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या अकोट्यातील शेजाऱ्यांचा मुलगा आमच्याकडे आला आणि बराच वेळ मान खाली घालून बसून राहिला. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तो अडीच वर्षे कामाला होता. एका सोमवारी तो कामावर गेलाच नाही. राजीनामा नाही, निरोप नाही. आम्ही वडीलकीच्या अधिकाराने त्याला चार शब्द सुनावले. मग कळले की, दोन महिने पगार लांबला होता आणि तो मागितला म्हणून वरिष्ठांनी त्याचा चारचौघांत पाणउतारा केला होता. आमचे शब्द आम्हांलाच बोचले.

“एकोणीस दिवसांचे पैसे राहिले आहेत, काका, पण मागू कोणत्या तोंडाने?” तो म्हणाला.

त्या रात्री आम्हांला आमच्याच शहरातील एक जुनी गोष्ट आठवली. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले, ते परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करार करून. १९१७ च्या सप्टेंबरात ते शब्दाला जागून येथे रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. कामाठी बागेत काही तास काढून ते त्याच रात्रीच्या गाडीने मुंबईस गेले. शिक्षणखर्चाच्या परतफेडीचा प्रश्न मात्र पुढे काही वर्षे त्यांच्यामागे राहिला. कागदावर देणेकरी ते होते. या शहराने त्यांना एक छप्परही दिले नाही, ही बाकी कोणत्या वहीत लिहिली गेली?

त्या थोर पुरुषाशी या मुलाची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच सुचवावयाचे आहे की, न सांगता निघून जाणाऱ्यास दोष देण्यापूर्वी तो का गेला हे विचारावे. आणि गेलेल्यानेही लाजेपोटी आपला हिशेब अर्धा सोडू नये.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहता हा हिशेब दुहेरी असतो. सूचना न देता गेल्यास नेमणूकपत्रातील अटीप्रमाणे सूचनेच्या दिवसांचे वेतन मालक मागू शकतो. ते आपले देणे. केलेल्या कामाचे वेतन मात्र बुडत नाही. ते आपले येणे. भविष्यनिर्वाह निधी तर कामगाराच्या स्वतःच्या नावावर जमा असतो आणि तो नव्या नोकरीत वर्ग करता येतो. सलग पाच वर्षे नोकरी झालेली असल्यास दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने ग्रॅच्युइटीही मिळते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतनसंहितेप्रमाणे राजीनामा दिल्यावर कामाच्या दोन दिवसांत राहिलेले वेतन चुकते करावयाचे असते. पण ही मुदत राजीनाम्यापासून मोजली जाते. ज्याने राजीनामा लिहिलाच नाही, त्याची मुदत सुरू तरी कधी व्हावी?

म्हणून आम्ही त्या मुलाला प्रथम कागद घेऊन बसविले. शेवटचा कामाचा दिवस, न कळविता गेल्याबद्दल दिलगिरी, सोडण्याचे कारण, आणि हिशेबाची विनंती. एवढेच, एकही कडवट शब्द न घालता. ओळखपत्र आणि हत्यारे परत करून त्याने पोच घेतली. पत्राची एक प्रत घरी ठेवावयास त्याच्या आईने सांगितले.

नेमणूकपत्रात सात दिवसांच्या सूचनेची अट होती. तेवढे पैसे कापून बाकीचे त्याला मिळाले. रक्कम काही मोठी नव्हती. मात्र इतके दिवस तो कारखान्याचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने जात असे. आता सरळ त्याच रस्त्याने जातो, असे त्याची आई परवा सांगत होती.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा अर्धा हिशेब पडून असेल, तर आजच कागद घ्यावा. आपले देणे आधी लिहावे. मग येणे मागताना आवाज कापत नाही.