मागे राहिलेल्यांचा प्रवास

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील वाड्या आणि तांडे रिते होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे कारखान्याच्या हिशेबातला एक 'कोयता', ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपला संसार टाकते आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडावर जाऊन उतरते. परतणे होते ते उन्हाळा लागल्यावर. या स्थलांतराविषयी बरेच लिहिले गेले आहे आणि ते योग्यच झाले. उचलीचा फास, मुकादमाचा हिशेब, फडावर जन्मणारी मुले हे विषय आता अपरिचित राहिलेले नाहीत. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, तेव्हा महाराष्ट्राला मान खाली घालावी लागली. परंतु जे जातात त्यांच्याविषयी लिहिताना जे मागे राहतात त्यांचा विचार फारसा झालेला नाही.

मागे राहते नातवंडे सांभाळणारी आजी. मागे राहतो अर्धांगवायूने एक अंग लुळे पडलेला माणूस, पोलिओने पाय गेलेली बाई, दृष्टी गेलेला वृद्ध, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावे लागणारा रुग्ण. एरवी अशा माणसाला मुलगा आणि शेजारी यांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेता येते. मुलगा फडावर गेला की मोटारसायकल दारात आणि माणूस घरात. ऊसतोडीच्या हंगामात या जिल्ह्यातून केवळ श्रमशक्ती बाहेर जात नाही, तर घरोघरची वाहतूक व्यवस्थाही तिच्याबरोबर बाहेर जाते. भाड्याची जीप सांगावी तर निराधार योजनेच्या महिन्याच्या पैशातला मोठा वाटा एका फेरीतच संपतो. मग औषध पुढच्या महिन्यावर जाते, अपंगत्वाचा दाखला पुढच्या वर्षावर जातो, आणि दाखला नाही म्हणून पुढचे सारेच अडते.

अशा वाड्यांपर्यंत वाहन नेणे परवडत नाही, रस्ता नीट नाही, प्रवासी थोडे, असे नेहमी सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांनी दोन गाड्यांचा विचार करावा. पहिली गाडी कारखान्याची. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज या तालुक्यांतल्या अगदी आडबाजूच्या तांड्यावरही हंगामाच्या तोंडाशी ट्रक बरोबर पोहोचतो. त्याला रस्ता सापडतो, किती माणसे कोणत्या घरातून घ्यायची याची यादी मुकादमाच्या खिशात असते आणि दिवस ठरलेला असतो. दुसरी गाडी निवडणुकीची. १३ मे २०२४ रोजी बीड लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. त्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय निवडणूक आयोगाने देशभर केली होती. ज्यांना केंद्रावर यायचे होते त्यांच्यासाठी वाहन व चाकाची खुर्ची देण्याची योजना होती. या माणसांची नावे, वये आणि घरे शासनाला ठाऊक आहेत. म्हातारीच्या मताला दारापर्यंत जाणारे शासन तिच्या दुखण्याच्या वेळी मात्र तिनेच फाट्यापर्यंत यावे अशी अपेक्षा करते. कारखान्याला श्रम हवे असतात, राज्यकर्त्यांना मत हवे असते, म्हणून या दोन गाड्यांना अंतर आड येत नाही. ज्याच्याकडून काहीच घ्यायचे उरलेले नाही त्याच्यासाठीची तिसरी गाडी तेवढी अजून निघालेली नाही.

यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तर तयार असते. सवलती किती दिल्या ते पाहा! सवलती दिल्या आहेत, हे खरेच. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना निम्मे तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे, आणि अपंगांना ७५ टक्क्यांपर्यंत सूट जुनीच आहे. या सवलतींना विरोध करण्याचे कारण नाही. पण अर्थशास्त्राच्या साध्या नजरेने त्यांच्याकडे पाहिले म्हणजे त्यांतील उणीव ध्यानात येते. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला भरून देते ती तिकिटामागे. तिकीट फाडले जाते बस जिथे जाते तिथे. ज्या वाडीला बसच जात नाही तिच्या वाट्याला या अनुदानातला एक पैसाही येत नाही. आणि जिथे बस येते तिथेही गुडघे गेलेल्या बाईला अडवते ती बसची उंच पायरी, तिकिटाचा दर नव्हे. सवलत मिळाली म्हणून कोणाचा पाय वर उचलला जात नाही. शब्दांच्या बाबतीत आपले शासन फार उदार आहे. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले, २०२२ च्या ३ डिसेंबरला स्वतंत्र खातेही जाहीर झाले, पायरी मात्र होती तेवढीच उंच राहिली.

मराठवाड्याला सरकारी बसची कल्पना नवी नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली, त्याच्या सोळा वर्षे आधी, १९३२ साली, निजामाच्या रेल्वे खात्याने बससेवा सुरू केली होती. सरंजामशाही राजवटीलाही जे कळले होते की रस्त्यावरची वाहतूक केवळ नफ्याच्या हिशेबावर सोडता येत नाही, ते लोकशाही शासनाला पटवत बसावे लागावे हे नवलच. 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी' हे ब्रीद घेऊन वाढलेले महामंडळ तोट्याच्या नावाखाली आकसत गेले. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात कामगारांची विलीनीकरणाची मागणी आणि त्यांच्या हालअपेष्टा महाराष्ट्राने पाहिल्या. त्या काळात ग्रामीण प्रवासी काळ्या-पिवळ्या जीपांच्या आणि टमटमच्या हवाली झाला. जीपवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, तोही हप्त्याच्या कर्जाखाली दबलेला असतो. पण त्याचा हिशेब सीट भरण्याचा आहे. ज्याला चढवायला दोन माणसे आणि पाच मिनिटे लागतात, ज्याची कुबडी एका माणसाची जागा खाते, तो प्रवासी त्याला नको असतो. नगर-बीड-परळी लोहमार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला आणि बीडच्या स्थानकावरून नगरकडे प्रवासी गाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. जिल्ह्याने तीस वर्षे वाट पाहिली त्या गाडीचे स्वागतच केले पाहिजे, परंतु स्थानकापर्यंत येणार कसे हा प्रश्न तांड्यावरच्या माणसापुढे उभाच आहे.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४१ वाहतुकीविषयीचे आहे. बसस्थानके, रेल्वे स्थानके, वाहने आणि रस्ते सर्वांना वापरता येतील असे असावेत, ही जबाबदारी शासनावर त्याने टाकली. पण जुन्या वाहनांत बदल करण्याच्या बाबतीत तोच कायदा पुढे म्हणतो की हे तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, आर्थिकदृष्ट्या परवडत असेल आणि रचनेत मोठा फेरफार करावा लागणार नसेल तर. हक्काला 'परवडत असेल तर' अशी शेपटी जोडली की मागे काय उरते ते सांगायला नको. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात या कायद्याखालील नियमांवर बोट ठेवले. सुगम्यतेचे मानदंड केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत आहे, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि केंद्राला तीन महिन्यांची मुदत घातली. न्यायालयाचा निर्णय हे हत्यार आहे, पण हत्यार आपोआप चालत नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९७८ च्या जुलैमध्ये एकोणीस अपंग कार्यकर्ते भर चौकात चाकाच्या खुर्च्यांसह बसगाड्यांच्या पुढे आणि मागे ठाण मांडून बसले, रात्रभर तिथेच राहिले. सर्व बसगाड्या अपंगांना चढता येतील अशा हव्यात हे कायद्यात येण्यास त्यानंतरही १९९० साल उजाडावे लागले. सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या पक्षाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी.

तरीही एसटी सुधारेपर्यंत तांड्यावरच्या माणसाने थांबायचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि येथे कार्यकर्त्यांच्या हाती आज करता येण्यासारखे बरेच आहे. गावागावांत साधने थोडी असली तरी मुळीच नाहीत असे नाही. ती विखुरलेली आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे, पण ती तातडीच्या प्रसंगासाठी. डायलिसिसच्या ठरलेल्या फेरीसाठी ती मागता येत नाही आणि मागूही नये. गावात चार जीपा असतात, त्या बाजाराच्या दिवशी धावतात आणि एरवी झाडाखाली उभ्या असतात. आणि पैसा आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा शासनाचा दंडक आहे. आज ती रक्कम कुठे तशीच पडून राहते, कुठे वर्षअखेरीस माणशी थोडे थोडे पैसे वाटून संपवली जाते, कुठे एखादी तीनचाकी देऊन फोटो काढला जातो. ती तीनचाकी पाणंद रस्त्याच्या चिखलात चालत नाही, हे फोटो काढणाऱ्यास ठाऊक नसते.

एक उदाहरण म्हणून हिशेब मांडून पाहावा. एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला ४ लाख रुपये धरले तर ५ टक्क्यांचे होतात २० हजार. त्यात गाडी चालत नाही, म्हणून गाडीचा विचारच होत नाही. पण एका रस्त्यावरची वीस गावे एकत्र आली तर ४ लाख होतात. परवाना असलेली एक जीप चालकासह दिवसाला अडीच हजारांत ठरली तर वर्षाला १६० दिवस, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, ती त्या रस्त्यावर फिरू शकते. आकडे गावागणिक बदलतील, तत्त्व बदलणार नाही. अर्धी गाडी विकत घेता येत नाही, वीस गावांनी मिळून एक घेता येते. सहकाराचा अर्थ यापेक्षा वेगळा नाही, जरी साखरेच्या राजकारणाने तो शब्द पार बाटवून टाकला असला तरी. इंग्लंडमध्ये १९७७ च्या मिनिबस कायद्याने समाजकार्य करणाऱ्या संस्थांना नफा न घेता अशा गाड्या चालवण्याची वाट मोकळी करून दिली आणि तिथे खेडोपाडी हे काम उभे राहिले. इकडे बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांची आणि रिक्षावाल्यांची पंचायत उभी करून दाखवली. ज्या माणसाला समाज भाडे घासाघीस करणारा म्हणून ओळखतो तो संघटित झाला तर सामाजिक जबाबदारी घेऊ शकतो, हा त्या कामाचा धडा आहे. जिल्ह्यातील जीपवाल्यांना आणि टमटमवाल्यांना तुच्छ लेखून हे काम होणार नाही, त्यांना हमी असलेल्या भाड्याने बांधून घेऊनच होईल.

याला दोन आक्षेप येतील. पहिला असा की यातून शासन आपली जबाबदारी गावांवर ढकलून मोकळे होईल. हा धोका खरा आहे. म्हणून वीस गावांच्या गाडीची मागणी एसटीच्या मागणीपासून वेगळी काढता कामा नये. गाडी तांड्यापासून फाट्यापर्यंत किंवा रुग्णालयापर्यंत जाईल, पण नव्या बसगाड्या खालच्या पायरीच्या हव्यात, स्थानकावर उतार हवा आणि फाट्यावर बस थांबलीच पाहिजे, ही मागणी आगार व्यवस्थापकापासून मंत्र्यापर्यंत त्याच निवेदनात असावी. दुसरा आक्षेप, निधी खाल्ला जाईल. खाल्ला जाऊ शकतो. त्यावर उपाय एकच, फेऱ्यांची वही ग्रामसभेत वाचली जावी आणि वही ठेवणाऱ्या समितीत गाडीत बसणाऱ्यांचे बहुमत असावे. सरपंचाच्या मेहुण्याची जीप लागली आहे काय, हे त्यांना आधी कळते.

ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे आणि कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचे ठरलेले आहे. कल्याण फडावरच्या माणसाचेच मोजायचे, त्याच्या घरी मागे राहिलेल्या आईचे मोजायचे नाही, असा अर्थ कोणी काढत असेल तर तो खोडून काढला पाहिजे. तिच्या मुलाच्या श्रमावर जी साखर निघते तिच्या पोत्यात या म्हातारीच्या चुकलेल्या औषधाची किंमतही भरलेली असते.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला असते, कोयते निघण्याच्या थोडे आधी. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्यापूर्वी आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना बरोबर घेऊन प्रत्येक वस्तीची वही तयार करावी. माणसाचे नाव, त्याला कुठे जावे लागते, कोणत्या वारी, चढायला कोणाची मदत लागते, दाखला आहे की नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला जाणारे किती, बीडच्या जिल्हा रुग्णालयाला किती, आष्टीकडून नगरला किती, हे वेगवेगळे लिहावे, कारण गाडीचा मार्ग आणि वार त्यावरून ठरणार आहे. आणि शेवटच्या रकान्यात घरातली धडधाकट माणसे कोणत्या तारखेला कारखान्यावर निघणार तेही विचारून लिहून ठेवावे. मुकादमाकडे ती तारीख असतेच.