मान वाकडी, तारा उंच!

१९६३ साली ब्रायन मे या लंडनच्या शाळकरी मुलानं वडिलांच्या मदतीनं घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. मान चक्क जुन्या शेकोटीच्या लाकडाची! तीच गिटार पुढे ‘क्वीन’च्या मैफिलींत गाजली. (‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला, बरं का!)

घरच्या गिटारचं हमखास दुखणं म्हणजे मान. ती नीट बसली नाही, की तारा उंच राहतात आणि बोटं सोलवटतात. आधी एक डोळा मिटून मानेच्या कडेनं बघा. मान कमानीसारखी वाकली असेल, तर आतली सळई फिरवायची. तो उपाय वेगळा. पण मान सरळ, ब्रिज पार खाली आणलेला, तरी तारा उंचच? मग कोन चुकलाय.

तारा सैल करा, मागचे स्क्रू काढा. खाचेत ब्रिजकडच्या टोकाला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी ठेवा. अर्धा मिलिमीटर पुरे! खाच ७५ मिलिमीटर आणि तिच्या तोंडापासून ब्रिज २२० मिलिमीटरवर असेल, तर ब्रिजपाशी जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक पडतो. भूमितीतले समरूप त्रिकोण आठवतात ना? तेच हे. पट्टी दुसऱ्या टोकाला ठेवलीत, तर तारा आणखी वर जातील.

कडेची तार मानेबाहेर घसरत असेल, तर स्क्रू जरा ढिले करून मान हलकेच सरकवा, मग आवळा. मान सरसानं चिकटवलेली असेल, तर मात्र गिटार सरळ कारागिराकडे न्या.