लाल तेल, लाइफटाइम आणि इतर थापा

ऑटोमॅटिक गाडी चालवणार्‍या कुठल्याही मित्राला विचारून बघा, की बाबा रे, तुझ्या गिअरबॉक्समध्ये तेल कुठलं आहे? साधारण तीन उत्तरं येतात. पहिलं, "तेल? ते इंजिनात असतं ना?" दुसरं, "ते लाल असतं ते." आणि तिसरं (हा माणूस स्वतःला जाणकार समजतो), "आमच्यात लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं." हाच माणूस अलॉय व्हीलसाठी तीन शनिवार गावभर फिरलेला असतो, आणि पेट्रोल कुठल्या पंपावर भरावं यावर त्याची ठाम मतं असतात.

पहिल्याचा मला राग नाही. दुसर्‍या आणि तिसर्‍या उत्तराचा आहे, कारण ती उत्तरं त्याला कोणीतरी शिकवलेली आहेत. लाल तेलवालं गॅरेजने शिकवलं, लाइफटाइमवालं कंपनीने. आणि दोन्ही चक्क थापा आहेत.

आधी हे तेल तिथे बसून करतं काय ते बघू. इंजिन ऑइलचं आयुष्य त्या मानाने सोपं. त्याला सांगितलेलं असतं, घर्षण कमी कर आणि मळ धरून ठेव. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडला, म्हणजे एटीएफला, सांगितलेलं असतं की गिअरच्या दातांमध्ये घर्षण कमी कर, पण क्लचच्या जागी नको, तिथे पकड पाहिजे. आणि पकड बसताना झटकाही नको! वर पुन्हा हेच तेल पंपाच्या दाबाने व्हॉल्व्हमधून फिरून गिअर बदलतं, आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवतंही हेच. लॉकअप क्लच बसलेला नसेल तेव्हा इंजिन आणि चाकं यांच्यात काय आहे, तर तेल आहे. बस्स.

खरी गोम आहे ती पकडीत. क्लचच्या दोन प्लेटा एकमेकींवर घसरत घसरत जवळ येतात आणि शेवटी एका वेगाने फिरायला लागतात. घसरण्याचा वेग कमी होत जाताना घर्षण अचानक वाढलं, तर प्लेटा चिकटतात, सुटतात, चिकटतात, सुटतात. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरवल्यावर जे होतं तेच. तिथे सूर निघतो, इथे गाडी थरथरते. सरळ रस्त्यावर एका संथ वेगात, हलकंसं अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलं असताना, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येते. लोक आधी टायर बदलतात, मग इंजिन माउंटिंग बदलतात, अलाइनमेंट करून घेतात. तेल कोणी बघत नाही.

हे होऊ नये म्हणून तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालतात. कुठला आणि किती, हे त्या गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांवर चिकटवलेला कागदासारखा थर कसला आहे यावर ठरतं. आणि हल्लीच्या गाड्यांत कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरवरही. कुठल्या तापमानाला किती दाब दिला की क्लच किती मिलिसेकंदात बसेल, ही कोष्टकं ठरावीक तेल गृहीत धरून भरलेली असतात. आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. गृहीतकच बदललं, की कोड बरोबर असूनही प्रॉडक्शनमध्ये आग लागते.

आता लाल रंगाचं बघू. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो १९३९ मध्ये जाहीर झाला, १९४० च्या ओल्ड्समोबाइलसाठी. या गिअरबॉक्सच्या तेलाचं स्पेसिफिकेशन जीएमने आणलं १९४९ मध्ये, टाइप ए. साठच्या दशकाच्या अखेरीस जीएमचं डेक्सरॉन आलं आणि फोर्डचं टाइप एफ आलं. डेक्सरॉनमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर होते, टाइप एफमध्ये मुद्दाम ठेवलेच नव्हते. म्हणजे स्वभावाने दोन्ही तेलं एकमेकांच्या उलट. आणि रंग? दोन्ही लाल! तो रंग म्हणजे नुसता डाय आहे, जमिनीवर थेंब पडले तर इंजिनचे की गिअरबॉक्सचे ते कळावं म्हणून. लाल दिसलं म्हणून सारखं समजणं म्हणजे डांबरी गोळी आणि साखरेची गोळी दोन्ही पांढर्‍या म्हणून चहात टाकण्यासारखं आहे.

(जाता जाता. त्या काळी फ्रिक्शन मॉडिफायर म्हणून स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेलवाल्यांची धावपळ उडाली. पर्याय म्हणून आलेल्या सुरुवातीच्या डेक्सरॉन-दोनमुळे कूलरमधला सोल्डर गंजायला लागला, मग ते पुन्हा सुधारावं लागलं. एक घटक बदलला तर हे, आणि आपण आख्खं तेल बदलतो.)

आपल्याकडे लाल रंगाच्या भानगडीला अजून एक पदर आहे. आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीने ऑटोमॅटिक गाड्या फारशा पाहिल्याच नव्हत्या, पण एटीएफ त्याच्या ओळखीचं होतं. कारण हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये कितीतरी गाड्यांना हेच डेक्सरॉन जातीचं तेल चालायचं. त्यामुळे त्याच्या लेखी लाल तेल म्हणजे पॉवर स्टिअरिंग ऑइल, एकच डबा, सगळ्यांना चालतं. स्टिअरिंगमध्ये खरंच बर्‍यापैकी चालायचं हो, तिथे क्लचच नाही. पण तीच सवय, तोच डबा आणि तोच आत्मविश्वास घेऊन तो आता तुमच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकखाली झोपतो.

आणि डब्यावर छापलेलं असतं डेक्सरॉन-तीन. हे स्पेसिफिकेशन १९९३ चं. जीएमने २००५ मध्ये डेक्सरॉन-सहा आणलं आणि २००६ च्या अखेरीस तीनची लायसन्सं देणं बंद केलं. म्हणजे आज ज्या डब्यावर डेक्सरॉन-तीन लिहिलंय, त्यामागे जीएमची तपासणी नाही, फक्त बनवणार्‍याचा शब्द आहे. सहा नंबर पातळ आहे, १०० अंशाला साधारण ६ सेंटिस्टोक्स, तर तीन नंबर सात-साडेसात. तीनच्या जागी सहा चालतं असं जीएमच सांगते. सहाच्या जागी तीन चालत नाही. खर्‍या डेक्सरॉन-सहाच्या डब्यावर 'जे' अक्षराने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. पुढच्या वेळी काउंटरवर शोधून बघा, मजा येईल.

मल्टी-व्हेइकल म्हणून जे विकतात त्याचंही थोडं असंच. मागे वीस-पंचवीस नावांची यादी असते, टोयोटा टी-फोर, होंडा झेड-वन, मित्सुबिशी एसपी-थ्री, निस्सान मॅटिक, सगळे देव एका देव्हार्‍यात. यादीच्या वर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. "मान्यताप्राप्त" आणि "वापरण्यास योग्य" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं गिअरबॉक्सवाला म्हणतो, दुसरं तेलवाला स्वतःच म्हणतो. सगळी मल्टी-व्हेइकल तेलं टाकाऊ असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण पाच वेगवेगळ्या व्हिस्कॉसिटी मागणार्‍या पाच गिअरबॉक्सना एकच द्रव तंतोतंत बसतो, हे मला कोणीतरी ग्राफ काढून दाखवा.

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, चांगलं महागडं एटीएफ घ्या. थांबा. मुळात तुमच्या गाडीत एटीएफ लागतं का? शोरूममध्ये "ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं विकतात. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यांत्रिक हात लावलेला. त्यात गिअर ऑइल लागतं आणि त्या हाताचं हायड्रॉलिक तेल वेगळं. सीव्हीटीमध्ये स्टीलचा पट्टा स्टीलच्या पुलीवर निव्वळ घर्षणाने चालतो. तिथे घसरगुंडी करणारं एटीएफ ओतलंत तर पट्टा पुलीला ओरखडे पाडून ठेवतो, आणि मग तेल बदलून काही उपयोग नाही. डीसीटीचं तिसरंच. गंमत म्हणजे टोयोटा प्रियसच्या हायब्रिड गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात, पण त्यात पट्टाच नाही, त्यामुळे त्यात टोयोटाचं डब्ल्यूएस, म्हणजे एटीएफच जातं. होंडा सिटी घ्या. २००८ ते २०१३ च्या पिढीतल्या ऑटोमॅटिकमध्ये पाच गिअर आणि होंडाचं एटीएफ. २०१४ च्या पिढीत सीव्हीटी आणि एचसीएफ-दोन नावाचं तेल. नाव तेच सिटी. "सिटी ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" एवढंच दुकानात सांगणार्‍याचं काय होईल ते सांगता येत नाही.

आता तिसर्‍या थापेकडे येतो, जी माझ्या खरोखर डोक्यात जाते. लाइफटाइम.

आमच्या काकांची टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी ८५ हजार किलोमीटर झालेली. अधिकृत सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही) मी सोबत गेलो होतो. काकांनी गिअरबॉक्सच्या तेलाचं विचारलं. "सर, सील्ड युनिट आहे, लाइफटाइम ऑइल असतं." काका म्हणाले, "लाइफटाइम कुणाचं हो, माझं की गाडीचं?" तो पोरगा नुसता हसला. संध्याकाळी बिल आलं. एअर फिल्टरचा पार्ट नंबर होता, वायपरचा होता, अगदी ड्रेन वॉशरचाही होता. आणि खाली एक ओळ: एटीएफ टॉप अप, १ लिटर. आता गिअरबॉक्स तेल जाळत नाही. सील्ड असेल आणि एक लिटर कमी असेल, तर एक लिटर गळलंय कुठूनतरी. ते कुठून, हे कोणी बघितलं नाही. आणि जे ओतलं ते कुठलं? "सर, जेन्युइनच आहे." जेन्युइन हे तेलाचं नाव आहे का?!

लाइफटाइमचा खरा हिशोब जर्मनीत बघा. बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षं आपल्या ऑटोमॅटिकमधलं तेल लाइफटाइम म्हणून सांगितलं. तो गिअरबॉक्स बनवणारी कंपनी झेडएफ. ती स्वतः काय सांगते? वापर कसा आहे त्यानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यात बदला. ज्याने बनवला तो म्हणतो बदला, ज्याने विकला तो म्हणतो नको. विकणार्‍याला देखभालीचा खर्च कमी दाखवायचा असतो, आणि गिअरबॉक्स वॉरंटीनंतर गेला तर ते दुःख त्याचं नसतं. नव्या गिअरबॉक्सचं बिल लाखात येतं, आणि ते बहुतेक वेळा सेकंडहँड गाडी घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर पडतं, ज्याला परवडत नव्हती म्हणूनच त्याने सेकंडहँड घेतलेली असते.

शिवाय "नॉर्मल वापर" म्हणजे काय ते मॅन्युअलमध्ये वाचलंय का कधी? सतत थांबत-चालत जाणं, कडक ऊन, घाट, भरलेली गाडी, हे सगळं 'सिव्हिअर' मध्ये येतं. म्हणजे संध्याकाळी साडेसहाचा हिंजवडी फेज वन ते वाकड पूल. मे महिन्यात पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कोकणातून घाट चढणं. तापमान दहा अंश वाढलं की तेल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला जुना आडाखा. आपल्याकडे सिव्हिअर हेच नॉर्मल आहे.

कंपन्यांची बाजूही सांगतो. इंजिन ऑइलसारखं एपीआयचं एकच अक्षर बघून एटीएफ घेता येणार नाही, कारण प्लेटा वेगळ्या आणि सॉफ्टवेअर वेगळं. मान्य, पूर्ण मान्य. क्रायस्लरचंच उदाहरण घ्या. १९८९ च्या त्यांच्या अल्ट्राड्राइव्ह गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं तेल लागायचं, आणि नसेल तर डेक्सरॉन चालेल असं त्यांनीच डिपस्टिकवर छापलं. लोकांनी डेक्सरॉन ओतलं आणि गिअरबॉक्स थरथरत गेले. तेव्हा स्पेसिफिकेशन काटेकोर असलंच पाहिजे. पण काटेकोर म्हणजे गुप्त नव्हे! कार कंपन्या तेल गाळत नाहीत, तेल कंपन्याच त्यांना डबे भरून देतात. झेडएफ आपल्या मान्य तेलांच्या याद्या उघड प्रसिद्ध करते. ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनवणारी अ‍ॅलिसनही करते, टीईएस-२९५ म्हटलं की कुठली तेलं चालतील ते कोणालाही बघता येतं. कारण बसवाला शंभर-शंभर लिटर घेतो आणि हिशोब मागतो. तुम्ही-आम्ही मागत नाही, म्हणून आपल्याला "जेन्युइन" मिळतं.

ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अपिलं झाली ती झालीच. २०२२ मध्ये सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यातही वाहनं आहेत. माझं म्हणणं एवढंच, की सुट्या भागांत हे तेलही धरा. ते गिअरबॉक्सचा भागच आहे. १०० अंशाला व्हिस्कॉसिटी किती, मान्य पर्याय कुठले, आठ वर्षांनी काय करायचं, हे तीन ओळीत छापायला कुणाचं पेटंट आड येतंय?

ते होईपर्यंत मॅन्युअलचं शेवटचं प्रकरण उघडा, जिथे लिटर आणि तेलांची नावं असतात. आपला गिअरबॉक्स चारपैकी कुठला ते बघा आणि तेलाचं नाव अक्षरन् अक्षर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. बाहेरचं तेल घेणार असाल तर नुसती यादी नको, मान्यता बघा. आणि ती सापडली नाही तर कंपनीचं घ्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. तेल बदलताना एका वेळी सगळं निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा काढ-घाल करावी लागते. बर्‍याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ४० अंशाच्या आसपास असताना, खालच्या बोल्टातून किती ओघळतं त्यावर लेव्हल ठरते. स्कॅनर लावून तापमान न बघता जो "झालं सर" म्हणतो, त्याला पुन्हा गाडीखाली पाठवा. आणि पैसे द्यायच्या आधी बिलावर तेलाचं पूर्ण नाव आणि लिटर लिहून घ्या. काकांच्या बिलावर ते नव्हतं म्हणून आम्ही काउंटरवरून हललो नाही. वीस मिनिटांनी आतून एक अर्धा रिकामा डबा बाहेर आला. त्यावर लिहिलं होतं, डेक्सरॉन-तीन.