पुट्टीखालचा गंज

धार-देवासकडील मराठी वाड्यांच्या देवडीत एखादी कुर्ल्यास घडलेली फियाट डिलाइट अद्याप उभी असते. सडक्या पत्र्यावर पुट्टी थापावयाची, वर रंगाचा मुलामा द्यावयाचा आणि यास म्हणावयाचे जीर्णोद्धार! ही शुद्ध फसवणूक होय. या गाडीस निराळी चासी नाही; पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. दाराखालची पट्टी गंजली म्हणजे कणाच पोखरला. तेथे चांगला पत्रा लागेपर्यंत गंज कापून काढावा आणि त्याच जाडीचा, त्याच घडणीचा पत्रा सांधावा. याखेरीज उपाय नाही.

यावर मालक 2021 च्या केंद्रीय नियमाकडे बोट दाखवितात. 50 वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी, तर चासी, सांगाडा वा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी, असे तो म्हणतो. पण कुजल्या जागी तसाच पत्रा बसविणे हा फेरफार कसा? मूळ रूप राखावयाचे की मूळ गंज? नियमकर्त्यांनी हा भेद स्पष्ट शब्दांत लिहावयास हवा होता.

याच धार जिल्ह्यात, पीथमपुरास, मोटारींच्या परीक्षेसाठी 11.3 किलोमीटरचा मार्ग बांधला आहे. आमचे गिऱ्हाईक मात्र बॉनेटवर आपले तोंड दिसते की नाही, एवढेच पाहते.