लेकरांच्या चेहऱ्यांचा मक्ता



शाळेच्या एका वर्षात आईच्या हातात किती चिठ्ठ्या पडतात, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना तोंडपाठ आहे. सहल, वह्या, गणवेश, गॅदरिंगचा पोशाख आणि त्यातच एक चिठ्ठी फोटोची. गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्या म्हटलं, तर पालक आता निदान कुरकुर करतात. फोटोच्या चिठ्ठीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. फोटो म्हणजे हौस, आणि हौसेला मोल नसतं असं आपण धरून चालतो. या हौसेमागचा व्यवहार मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

शाळा किंवा स्पर्धा भरवणारी संस्था एकाच फोटोग्राफरला मक्ता देते. वर्गाचे फोटो, ओळखपत्रांचे फोटो, गॅदरिंगचं चित्रीकरण, क्रीडादिन, सगळं त्याच्याकडे. दुसऱ्या कुणी कॅमेरा आणायचा नाही. काही ठिकाणी तर आईबापांनीही मोबाइल काढायचा नाही. बदल्यात शाळेला विक्रीतला हिस्सा मिळतो, नाहीतर ओळखपत्रं फुकट करून मिळतात. पैसे जातात ते घरखर्चातून वाचवलेले, बहुधा आईचे. पण भाव ठरतो तेव्हा ती कुठेच नसते.

हा धंदा किती मोठा होऊ शकतो ते अमेरिकेत दिसतं. लाइफटच नावाची १९३६ साली सुरू झालेली कंपनी शाळांतल्या फोटोंवर वाढली आणि २०१८ मध्ये शटरफ्लाय या कंपनीने ती ८२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. कॅमेरे कुणीही विकत घेईल. इथे खरी किंमत आहे ती शाळेच्या दारातून आत जाण्याच्या परवानगीची.

मक्त्याच्या बाजूने जे म्हटलं जातं तेही ऐकायला हवं. एकच माणूस असला की जबाबदारी ठरते, मुलींमध्ये अनोळखी लोक कॅमेरे घेऊन फिरत नाहीत, शाळेच्या हाती चार पैसे पडतात. यात तथ्य आहे. पण एकाच माणसाला आत सोडणं वेगळं आणि त्याच्याखेरीज कुणाकडून घ्यायचंच नाही, तो म्हणेल तो भाव द्यायचा, हे वेगळं. पहिल्यासाठी दुसऱ्याची गरज नाही.

वस्तीत काम करताना मी पाहते ते असं. दोन मुलं शाळेत असली की धुणीभांडी करणाऱ्या बाईला हा खर्च टोचतो, आणि 'नको' म्हणणं त्याहून टोचतं. पैसे न आणलेल्यांची नावं वर्गात वाचली जातात. दोघांपैकी एकाचाच फोटो घ्यायचा झाला तर कुणाचा, हे बहुतेक घरांत आधीच ठरलेलं असतं, मुलीचा राहतो. पैसे गोळा करून हिशेब ठेवणारी वर्गशिक्षिकाही बाईच. व्यवहार संस्थेचा आणि वसुली तिच्या गळ्यात.

दुसरा प्रश्न मालकीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक साधारणपणे तो काढणारा. मोबदला देऊन दुसऱ्या कुणी काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास तो काढून घेणारा. म्हणजे एकतर फोटोग्राफर, नाहीतर शाळा. आईकडे येते ती फक्त प्रत. मग तोच चेहरा प्रवेशाच्या जाहिरातीत, चौकातल्या फलकावर झळकतो, तेव्हा तिला विचारायचं कुणाला सुचत नाही.

मुलींच्या खेळांत हे जास्त झोंबतं. कबड्डी, खो-खो, पोहणं, धावणं यांत अंग मोकळं टाकून खेळावं लागतं. त्या क्षणांचे फोटो विक्रीसाठी सर्वांना खुले ठेवले जातात. फोटोत फेरफार करणं आज पोरखेळ झालं आहे. तरीही एक धोका मला जास्त वाटतो. असे फोटो फिरले की घरचे फोटोग्राफरला जाब विचारत नाहीत, मुलीचं मैदान बंद करतात. त्यामुळे आपली मागणी 'फोटो नकोत' अशी असता कामा नये. मुलींनी खेळावं, जिंकावं, त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत यावेत. फक्त त्या फोटोंची जबाबदारी ते विकणाऱ्यांनी आणि विकू देणाऱ्यांनी घ्यावी.

कायद्याचा थोडा आधार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायच्या ठरल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. विनाअनुदानित शाळांत २०११ च्या राज्याच्या फी कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे. या खुर्च्या आपल्या आहेत. तिथे नुसती सही करून, चहा घेऊन उठायचं नाही.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा. मक्त्याचा कागद दाखवा. शाळेला किती मिळतं आणि ते कशावर खर्च होतं? वर्गाच्या फोटोची एक प्रत प्रत्येक मुलाला विनामूल्य का नाही? 'नको' म्हणणाऱ्याचं नाव वर्गात घेणार नाही, हे लेखी द्याल का? फोटो किती काळ ठेवणार, पुसणार कोण? जाहिरातीसाठी वेगळी संमती घेणार का? आणि मक्ता दरवर्षी सर्वांना खुला ठेवा. आपल्या गावातल्या छोट्या स्टुडिओवाल्याला, कॅमेरा शिकून धंद्यात उतरू पाहणाऱ्या मुलीला त्यात शिरकाव मिळायला हवा. आपलं भांडण फोटोग्राफरच्या पोटाशी नाही.

बायकांचे मोठे प्रश्न असताना हे काय काढलंत, असं कुणी म्हणेलच. पण आपल्याला न विचारता आपल्या लेकरांबद्दल ठरवलं जातं, ते अशाच छोट्या चिठ्ठ्यांतून. सही मागायच्या आधी आम्हाला विचारा, एवढं म्हणायची सवय लागली तरी पुष्कळ झालं. आपापल्या शाळांत काय उत्तर मिळालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात आपल्या पत्रांसाठी जागा राखून ठेवते आहे.